तिकिटाची पाठ

या महिन्याचे प्रश्न तिकिटाच्या मागच्या बाजूचे आहेत. आधी एक विनंती. पाठीवर काही वेगळं दिसलं की तिकीट लगेच पाण्यात टाकू नका. कागदाच्या आत, गोंदाच्या खाली की गोंदाच्या वर, खूण नेमकी कुठल्या थरात आहे यावरून ती कोणी आणि कधी उमटवली याचा अर्धा उलगडा होतो. गोंद धुऊन गेला की हा पुरावाही जातो.

प्रश्न : माझ्याकडे राणी एलिझाबेथची १९५०च्या दशकातली काही ब्रिटिश तिकिटं आहेत. काहींच्या मागे दोन काळ्या उभ्या रेघा आहेत, तर दोन पेनीच्या तिकिटामागे एकच आहे. आधीच्या मालकाने पेन्सिलीने ओढल्या असाव्यात. पुसून टाकू का?

पुसू नका. वर्णनावरून ही ग्रॅफाइटच्या रेघांची तिकिटं वाटतात. नोव्हेंबर १९५७ मध्ये ब्रिटिश टपाल खात्याने साउदॅम्प्टनला एका यंत्राच्या चाचणीसाठी ती काढली. पाकिटं सुलट करून तिकीट एकाच कोपऱ्यात आणायचं, म्हणजे शिक्का बरोबर तिकिटावर बसेल, हे त्या यंत्राचं काम. ग्रॅफाइटमधून वीज वाहते, त्यामुळे तिकीट कुठे आहे हे यंत्राला कळायचं. दोन पेनी हा छापील मजकुराचा स्वस्त दर होता. ही टपाल पत्रांपासून वेगळी काढता यावी म्हणून त्या तिकिटाला एकच रेघ दिली. म्हणजे तुमच्याकडचं एका रेघेचं तिकीट अपुरं छापलेलं नाही, ते तसंच असायला हवं. इतर किमतीच्या तिकिटावर एकच रेघ असेल तर मात्र ते बाजूला काढून जाणकाराला दाखवा.

आता खऱ्या-खोट्याची पारख. या रेघा गोंद लावण्याआधी छापल्या आहेत, त्यामुळे कोऱ्या तिकिटावर त्या गोंदाच्या खाली असतात. तिकीट चिमट्यात धरून दिव्याखाली तिरपं करा. गोंदाची चमक रेघेवरूनही सलग गेली पाहिजे. पेन्सिलीची रेघ गोंदाच्या वर बसते आणि तिरप्या उजेडात तिला स्वतःची राखाडी, चंदेरी झाक असते. १० पट भिंगातून पाहिलं तर पेन्सिलीचा कण कागदाच्या उंचवट्यांवरच लागलेला दिसतो, खळगे पांढरेच राहतात. छापील रेघ दाट काळी, सारख्या रुंदीची आणि वरच्या दात्यांपासून खालच्या दात्यांपर्यंत अखंड असते, कारण ती सगळ्या शीटवरून सलग छापलेली होती. दात्यांच्या अलीकडेच थांबणारी रेघ कुणीतरी हाताने ओढलेली समजा.

वापरलेलं तिकीट भिजवल्यावरही खरी रेघ राहते, तेव्हा गोंद नसला तरी भिंगाची परीक्षा चालते. नोव्हेंबर १९५९ पासूनच्या काही तिकिटांवर मागे ग्रॅफाइट आणि पुढे फॉस्फरचे (विशिष्ट उजेडात चमकणाऱ्या द्रव्याचे) पट्टे असं दोन्ही आहे, तेव्हा तीच तिकिटं पुढूनही तिरप्या उजेडात बघून घ्या.

प्रश्न : एका तिकिटाच्या मागे पुढचंच चित्र फिकट आणि उलटं उमटलं आहे. ही छपाईची चूक धरायची का? मोल किती?

मोलाचं नंतर बघू. ‘मागे उमटलेलं चित्र’ चार प्रकारचं असतं, आणि चारही प्रकार एकाच नावाखाली विकले जातात. घोटाळा तिथेच होतो.

पहिला प्रकार म्हणजे नुसता आरपार दिसणारा रंग. कागद पातळ असला किंवा शाई तेलकट असली की पुढचं चित्र मागून दिसतं, आणि तेही आरशातल्यासारखं उलटंच दिसतं. ते पुढच्या चित्राच्या बरोबर पाठीशी असतं, केसभरही सरकलेलं नसतं. तिकीट काळ्या कागदावर पालथं ठेवा. खालून उजेड येणं थांबलं की असं चित्र बरंच मावळतं. शाई खरोखर मागच्या पृष्ठभागावर असेल तर ती होती तशीच राहते.

दुसरा प्रकार गठ्ठ्यातला डाग. ओली शीटं एकावर एक रचली की खालच्या शीटची शाई वरच्या शीटच्या पाठीला लागते. जिथे शाईचा थर जाड तिथेच तो उमटतो. चौकटीची कड, आकड्याचा ठसठशीत भाग, एखादी गडद सावली एवढंच दिसतं, बाकीचं नाही. कोरीव पाट्यावरून छापलेल्या तिकिटांत शाई कागदावर उंच बसते, त्यामुळे त्यांत हे सर्रास आढळतं. गंमत म्हणून ठेवावं, जास्तीचे पैसे मोजू नयेत.

तिसरा प्रकार यंत्रातला, आणि संग्राहक ज्याच्या शोधात असतात तो हाच. छपाई चालू असताना एखादं शीट यंत्रात जायचं चुकतं, आणि शाई लागलेला पाटा कागदाऐवजी मागच्या दाब देणाऱ्या रुळावर टेकतो. रुळावर पूर्ण चित्र उमटतं. पुढचं शीट आलं की त्याच्या तोंडावर नेहमीची छपाई होते आणि पाठीवर रुळावरचं चित्र उलटं उतरतं. पहिल्या शीटवर ते जवळजवळ पुढच्याइतकंच गडद असतं, मग दर शीटला फिकट होत जातं. ओळखायचं कसं? चित्र पूर्ण असतं, बारीक रेषांसकट, आणि चारही कडांना सारख्या जोराचं. तिकिटाच्या कोपऱ्यातल्या सगळ्यात नाजूक रेषा मागे सापडतात का तेवढं भिंगाने पाहा. सापडल्या तर यंत्रातलं, नसतील तर गठ्ठ्यातलं. तुमच्या वर्णनातला ‘फिकट’ हा शब्द दोन्हींना लागू पडतो, म्हणून निकाल या रेषाच देतील.

चौथ्या प्रकारात मागचं चित्र सुलट असतं, म्हणजे अक्षरं सरळ वाचता येतात. याचा अर्थ शीट दोन्ही बाजूंनी छापलं गेलं. हे तिन्हींपेक्षा विरळ, आणि बनावटही याचीच जास्त होते. तज्ज्ञाच्या प्रमाणपत्राशिवाय घेऊ नका.

इथे थराचा नियम जरा जपून वापरावा लागतो. एकोणिसाव्या शतकात आधी छपाई आणि मग गोंद असा क्रम असायचा. तेव्हा यंत्रातलं चित्र गोंदाखाली असलं पाहिजे, वर दिसलं तर ते नंतर दमट अल्बममध्ये शेजारच्या तिकिटावरून आलेलं असण्याचा संभव जास्त. विसाव्या शतकात मात्र आधीच गोंद लावलेला कागद छापायला घेण्याची पद्धत रुळली. अशा तिकिटांवर यंत्रातलं अस्सल चित्रही गोंदाच्या वरच असतं आणि पाण्यात गोंदाबरोबर निघून जातं. म्हणजे तिकीट कुठल्या काळातलं हे ठरवल्याशिवाय थरावरून निकाल देता येत नाही.

प्रश्न : मागे छापील आकडे असलेली तीन तिकिटं आहेत. स्पेनच्या तिकिटामागे निळं अक्षर आणि सहा आकडे, ग्रीसच्या मागे ठळक २०, आणि एका जर्मन तिकिटामागे २४५. यांचा एकमेकांशी काही संबंध आहे का?

काही नाही, तिघांची कामं वेगळी.

स्पेनचा आकडा हिशेबाचा, छापखान्याच्या नियंत्रणासाठी. १८७५च्या मालिकेत चौकटीतले निळे आकडे १ ते १०० होते, शीटवर जितकी तिकिटं तितके. पुढच्या काळात अक्षर आणि सहा अंक आले. सगळी शून्यं असलेला आकडा दिसला तर तो नमुन्याच्या प्रतीचा असू शकतो, ते तिकीट वेगळं ठेवा.

ग्रीसच्या १८६१पासूनच्या हर्मिस देवाच्या मस्तकाच्या पुष्कळ तिकिटांवर मागे तिकिटाची किंमतच छापलेली असते. तुमच्या तिकिटाचं मूल्य २० लेप्टा असेल तर सगळं जुळलं. पॅरिसमध्ये झालेल्या पहिल्या छपाईत १० लेप्टा सोडून बाकीच्यांच्या मागे आकडा नाही, त्यामुळे ‘आकडा नाही’ हीसुद्धा तिथे एक खूणच ठरते, आणि आकडा खरवडून काढण्याचा मोहही होतो. कागद उजेडासमोर धरा. आकड्याच्या जागी तो पातळ झालेला दिसला तर समजून जा.

जर्मन आकडा गुंडाळीचा. तिकिटांच्या गुंडाळीत दर पाचव्या तिकिटामागे क्रमांक असतो, किती उरली ते मोजावं लागू नये म्हणून. तिकडचे संग्राहक असं तिकीट एकटं न ठेवता पाचच्या पट्टीत ठेवतात. तुमचं सुटं झालेलं असलं तरी अस्सलच आहे.

प्रश्न : वॉटरमार्क, म्हणजे कागद बनवतानाच त्यात उमटवलेली खूण, दिसतच नाही. उजेडासमोर धरलं तर फक्त पुढचं चित्र दिसतं. आणि दिसला तरी ‘उलटा’ म्हणजे नक्की कसा?

उजेडासमोर धरण्याची पद्धत जवळजवळ कोऱ्या कागदालाच कामाची. छापलेल्या तिकिटाला काळी तबकडी आणि वॉटरमार्कचा द्रव लागतो. आधी तिकिटाच्या मागचे हिंजचे (तिकीट अल्बममध्ये लावायच्या कागदी पट्टीचे) तुकडे, पाकिटाचा कागद असं काही नाही ना ते पाहा. मग तिकीट चिमट्याने तबकडीत पालथं ठेवा, म्हणजे चित्र खाली आणि पाठ वर. ड्रॉपरने तीन-चार थेंब सोडा, कागद पूर्ण भिजला पाहिजे. वॉटरमार्कच्या जागी कागद पातळ असतो, तिथून खालचा काळा रंग जास्त दिसतो, म्हणून आकृती गडद होऊन वर येते. काही तिकिटांत ती लगेच दिसते, काहींत द्रव उडत असतानाच क्षणभर दिसते. म्हणून थेंब टाकून दुसरीकडे बघू नका. नाही दिसली तर सुकू द्या आणि पुन्हा करा. पिवळ्या-नारिंगी तिकिटांना दोन-तीनदा करावं लागतं.

हा द्रव गोंदाला विरघळवत नाही, म्हणून कोऱ्या तिकिटालाही चालतो. पण ग्रॅव्हुरने (खोदलेल्या बारीक खळग्यांतून शाई उतरवण्याच्या पद्धतीने) छापलेल्या काही तिकिटांची शाई त्यात सुटते. त्या मालिकेतलं एखादं फाटकं, कमी मोलाचं तिकीट आधी टाकून पाहा आणि तबकडीत रंग उतरतो का बघा. लायटरचं इंधन वापरणारे बरेच आहेत. त्यातल्या काहींत तेलाचा अंश राहतो आणि कागदावर कड उमटते. द्रव कुठलाही असो, खिडकी उघडी हवी आणि जवळ ज्योत नको. जुन्या पुस्तकांतलं ‘बेंझिन’ म्हणजे पेट्रोलियमपासूनचं हलकं द्रावण. त्याच उच्चाराचं दुसरं रसायन कर्करोगकारक आहे, नावावरून बाटली विकत घेऊ नका.

त्याच तबकडीत आणखी गोष्टी उघड होतात. आकृतीबाहेर काळा ढग दिसला तर तिथे कागद सोललेला आहे. बारीक काळी रेघ म्हणजे मोड. एखादा कोपरा बाकीच्यापेक्षा वेगळा भिजला आणि त्याच्या सीमेला कड दिसली तर तो नंतर जोडलेला आहे. महागडं तिकीट घेताना वॉटरमार्कपेक्षा या तपासणीचाच उपयोग जास्त होतो.

आता दिशेचं. ब्रिटिश पद्धतीच्या कॅटलॉगांत वॉटरमार्कचं वर्णन तिकिटाच्या पुढून आरपार पाहिल्यासारखं दिलेलं असतं, आणि आपण पाहतो मागून. म्हणून ‘मुकुट आणि सी ए’ या वॉटरमार्कची अक्षरं तबकडीत आरशातल्यासारखी उलटी दिसली तर ती नेहमीची, बरोबर. मागून सरळ वाचता आली तर तो बाजू पलटलेला. मुकुट डोक्यावर उभा असेल तर खालीवर झालेला, आणि दोन्ही एकदम असतील तर दोन्ही. पहिल्याच दिवशी बहुतेकांना सगळा संग्रह ‘दुर्मीळ पलटलेला’ वाटतो तो यामुळे. खालीवर झालेला वॉटरमार्क विरळच असतो असंही नाही. तिकिटांच्या ब्रिटिश पुस्तिकांच्या छपाईत शीटवरचे अर्धे भाग उलटे मांडत, त्यामुळे त्यांतली अर्धी तिकिटं सहजच तशी निघतात.

सरावासाठी ठळक, एकेरी आकृती घ्या. ब्रिटिश हिंदुस्थानच्या १८६५पासूनच्या तिकिटांतलं हत्तीचं मस्तक यासाठी चांगलं. प्रत्येक तिकिटात एक मस्तक, आकार मोठा, सोंड आणि कान ओळखता येतात. १९२६पासूनचे अनेक लहान तारे त्या मानाने अवघड.

प्रश्न : जुन्या अमेरिकन तिकिटाच्या मागे बारीक चौकोनी ठिपक्यांचा चौथरा उमटला आहे, शाई नाही. दुसऱ्या एका जर्मन तिकिटाच्या गोंदावर समांतर रेघा आहेत.

पहिलं ग्रिल असावं. १८६७ ते १८७० या काळात अमेरिकेत तिकिटांवर दाब देऊन बारीक सुळक्यांची जाळी उठवत. कागदाचे तंतू तुटायचे, शिक्क्याची शाई खोल मुरायची, आणि शिक्का धुऊन तिकीट पुन्हा लावता येत नसे. जाळीच्या आकारावरून प्रकार ठरतो. उदाहरणार्थ ई म्हणजे साधारण ११ × १३ मिलिमीटर आणि एफ ९ × १३. मोजताना तिकीट पालथं ठेवा, दिवा टेबलाच्या पातळीवर आणा, म्हणजे ठिपक्यांच्या सावल्या पडतील. एका बाजूने मोजून झालं की तिकीट काटकोनात फिरवून पुन्हा मोजा, कारण कडेच्या फिकट ओळी एका दिशेच्या उजेडात दिसतच नाहीत आणि मग एफ जास्तच अरुंद वाटतं. बनावट ग्रिल भरपूर आहेत. खऱ्यात काही सुळक्यांच्या टोकाशी कागद फाटलेला असतो. नंतर दाबलेल्यात नुसता खळगा दिसतो. असं तिकीट सपाट करण्यासाठी जड पुस्तकाखाली ठेवू नका, पुरावा चेपला जाईल.

जर्मन तिकिटावरच्या रेघा गोंदाच्या आहेत. कागद वळू नये म्हणून १९३०च्या दशकात जर्मनी, स्वित्झर्लंड अशा देशांत गोंदावर पन्हळी उठवत. कॅटलॉगात उभ्या, आडव्या अशी वेगळी नोंद असते, म्हणून भिजवण्याआधी दिशा लिहून ठेवा.

प्रश्न : मागे जांभळे छोटे रबरी शिक्के आणि पेन्सिलीत एक सही आहे. साफ करता येईल का?

येईल, पण करू नये. हे शिक्के बहुधा तज्ज्ञांचे, विक्रेत्यांचे किंवा जुन्या मालकांचे असतात. तज्ज्ञाची खूण तिकिटाच्या पाठीवर कुठे आणि किती उंचीवर आहे यालाही काही देशांत ठरलेला अर्थ असतो. जांभळी शाई पुष्कळदा पाण्यात सुटते आणि पुढच्या बाजूला फुटते, म्हणजे साफ करायला जाऊन तिकीटच हातचं जायचं. पेन्सिलीची नोंद वापरलेल्या तिकिटावरून मऊ खोडरबराने निघते; कोऱ्यावर गोंद घासला जातो.

मात्र सही आहे म्हणून तिकीट अस्सल असं धरू नका. शिक्केही बनावट निघतात. छायाचित्रासह दिलेलं प्रमाणपत्र त्यापेक्षा भरवशाचं. आणि ‘नक्कल’ या अर्थाचा शब्द कुठल्या भाषेत मारला आहे का ते नीट वाचा. फ्रेंच ‘फो’ किंवा जर्मन ‘फाल्श’ म्हणजे खोटं, तो शिक्का खोडायला लोक फार उत्सुक असतात.

मालकांच्या खुणा नेहमी उणेपणाच्या नसतात. १८५६चं ब्रिटिश गयानाचं एक सेंटचं किरमिजी तिकीट एकमेव आहे, आणि त्याच्या पाठीवर मालकांनी आपापल्या खुणा ठेवल्या आहेत. फेरारी या जुन्या संग्राहकाचं तीन पानी पान आहे, तर २०१४ मध्ये ते विकत घेणारे पादत्राणांचे रचनाकार स्टुअर्ट वाइट्समन यांनी उंच टाचेची चप्पल काढली आहे. हा मान त्या एका तिकिटाचा. आपल्या तिकिटांवर आपलं काही लिहू नये.

प्रश्न : मागे मजकूर छापलेली तिकिटं कोणती? साबणाची जाहिरात असलेलं एक पाहण्यात आलं.

ते न्यूझीलंडचं, १८९३चं असण्याची शक्यता मोठी. तिथे तिकिटांच्या मागे साबण, गोळ्या अशा जाहिराती वेगवेगळ्या रंगांत छापल्या. लोकांनी शाईला जीभ लावायला कुरकुर केली आणि प्रकार लवकरच थांबला. अशा तिकिटांवर कुठली जाहिरात कुठे येते यावरून शीटवरची जागा जुळवण्याचा छंद काही जण करतात.

इतर थोडी उदाहरणं. पोर्तुगालच्या १८९५च्या संत अँथनी मालिकेच्या मागे लॅटिन प्रार्थना आहे. रशियाची १९१५ची जाड पुठ्ठ्यावरची, गोंद नसलेली तिकिटं नाण्यांऐवजी चालायची आणि मागे तसं छापलेलं आहे. लाटव्हियाचं डिसेंबर १९१८चं पहिलं तिकीट कागदाच्या टंचाईमुळे जर्मन लष्करी नकाशांच्या पाठीवर छापलं. मागे रस्ता, नदी किंवा गावाच्या नावाचा तुकडा दिसतो, आणि मागे काहीच नसलं तरी ते नकाशाच्या कोऱ्या कडेचं असू शकतं.

अमेरिकेच्या १९७३च्या टपाल कर्मचाऱ्यांवरच्या आठ सेंटच्या दहा तिकिटांमागे हिरवा मजकूर आहे. तो पाण्यात सुटणाऱ्या शाईचा आहे. भिजवलेल्या प्रतीवर मजकूर नसला तर ‘छपाई राहिली’ म्हणून विकू नका, घेऊही नका. याहून नाजूक प्रशियाची १८६६ची १० आणि ३० सिल्बरग्रोशेनची तिकिटं. त्यांत पारदर्शक कागदाच्या मागच्या बाजूला चित्र उलटं छापून त्यावर गोंद लावला आहे. भिजवलं की गोंदाबरोबर चित्रच निघतं.

प्रश्न : ब्रिटिश ‘मशिन’ तिकिटांपैकी (शिल्पकार अर्नोल्ड मशिन यांनी घडवलेल्या राणीच्या मस्तकाची तिकिटं) काहींच्या मागे गोंदच नाही असं वाटतं, काहींची पाठ निळसर-हिरवी आहे. बुरशी आहे का?

बुरशी नाही. १९६८पासून तिथे पीव्हीए (पॉलिव्हिनाइल अल्कोहोल) हा कृत्रिम गोंद आला. तो रंगहीन आणि मंद असल्याने नाहीच असं वाटतं. कोपऱ्याला ओलसर बोटाचा नुसता स्पर्श केला तर चिकटतो, पण ही परीक्षा स्वस्त तिकिटावरच करा. १९७३पासून त्यात डेक्स्ट्रिन (पिष्टापासूनचा चिकट पदार्थ) मिसळलं आणि गोंद लागला आहे हे दिसावं म्हणून निळसर-हिरवा रंग घातला. बुरशीचे ठिपके तपकिरी, विखुरलेले असतात आणि पुष्कळदा दात्यांच्या टोकांपासून सुरू होतात. तशी तिकिटं बाकीच्यांपासून त्याच दिवशी वेगळी करा.